नगरकरांचा समुद्र



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही मंडळींना हसू आले असेल. नगर जिल्हा आणि समुद्र यांचा संबंध काय? आपला मुलूख अवर्षणाचा. येथे पाण्याची आठवण निघते ती बहुधा नळ आला नाही म्हणजे! म्हणूनच की काय, सुटी लागली की आपल्यापैकी पुष्कळांची पावले समुद्राकडे वळतात. हल्ली तर ज्यांना ऐपत आहे ती कुटुंबे कोकण आणि गोवे मागे टाकून थेट ग्रीसच्या बेटांपर्यंत जाऊ लागली आहेत. याबद्दल कुरकुर करण्यास आम्ही येथे उभे नाही. जग पाहावे, अवश्य पाहावे. आम्हांस एवढेच विचारावयाचे आहे, की माणूस एखादे स्थळ पाहतो म्हणजे नेमके काय करतो?

उदाहरणादाखल ग्रीसचे ऱ्होड्स हे बेट घेऊ. वाळूचे किनारे, निळे पाणी आणि तटबंदीच्या आतले जुने शहर असे प्रवाशाला हवे ते सारे तेथे आहे. सेंट जॉनच्या पंथाच्या धर्मयोद्ध्यांनी हे शहर बळकट केले. १५२२ साली सुमारे सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर तुर्कांचा सुलतान सुलेमान याने ते जिंकले. धर्मयोद्ध्यांच्या प्रमुखाचा वाडा १८५६ साली दारूच्या स्फोटात कोसळला आणि पुढे बेट इटलीच्या ताब्यात असताना तो पुन्हा उभारण्यात आला. आज प्रवासी जो वाडा डोळे भरून पाहतात, त्याचा बराचसा भाग असा विसाव्या शतकातला आहे. १९८८ साली या जुन्या शहराची गणना जागतिक वारशात झाली. पण तो केवळ देखावा नव्हे. तटाच्या आत आजही माणसे राहतात, दुकाने मांडतात, वाळवण घालतात.

आता १५२२ हा सन लक्षात ठेवा. त्याच्या आदल्याच वर्षी, १५२१ साली, आपल्या नगरच्या बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना चौलच्या खाडीच्या मुखाशी किल्ला बांधण्याची परवानगी दिली. तोच आजचा रेवदंडा. म्हणजे ऱ्होड्सच्या तटावर तुर्कांचे गोळे पडत होते, त्या सुमारास आपल्या बंदरावर परक्यांचा तट चढत होता. पहिली गोष्ट आपल्याला प्रवासी कंपनीच्या पत्रकातून कळते. दुसरी आपल्या घरची, आणि ती आपण विसरलो.

होय, नगरला समुद्र होता. शहराचा पाया पडण्यापूर्वीच त्याचा संस्थापक मलिक अहमद हा कोकणात दंडा-राजपुरीला वेढा घालून बसला होता. १४८६ साली बापाच्या खुनाची वार्ता त्याला तेथेच मिळाली. पुढे निजामशाहीचे वैभव ज्या बंदरावर पोसले ते चौल. अरबस्तान-इराणचे घोडे तेथे उतरत आणि दख्खनचे कापड तेथून परदेशी जाई. बंदर तर त्याहूनही कितीतरी प्राचीन. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रावरील बंदरांची जंत्री लिहून ठेवली. तिच्यात जे ‘सेमिल्ला’ येते, ते चौलच असे विद्वान मानतात. आपण ग्रीकांची बेटे पाहण्यास आज निघालो. ग्रीकांनी आपले बंदर एकोणीसशे वर्षांपूर्वीच पाहून ठेवले आहे!

तेव्हा ज्यांना सवड असेल त्यांनी एकदा पुणे आणि अलिबागमार्गे चौलला जावे. तेथील रामेश्वराच्या देवळात अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडे आहेत. अवर्षण पडले की पर्जन्यकुंड उघडण्याची चाल असे. नगरकराने तेथे क्षणभर थांबावे, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. पुढे रेवदंडा. रस्ता तटाच्या दरवाजातूनच आत शिरतो, आणि आत पाहावे तो नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, रहाटाचे आवाज आठवावेत अशा विहिरी. ख्रिस्ती मठाचा एक उंच मनोरा तेथे उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात. सातांपैकी सगळे खण आता उरलेले नाहीत, नाव मात्र पुरे उरले आहे.

या तटाबाहेर १५७० साली मुर्तझा निजामशहाची फौज येऊन बसली. परवानगी देणे सोपे होते, ती परत घेणे जड गेले. कित्येक महिने तोफा चालल्या, पण किल्ला हाती आला नाही, आणि १५७१ साली तह करावा लागला. पुढे दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारला. तोही १५९४ साली पोर्तुगीजांनी घेतला. अखेर १७४० साली ही दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली.

पूल ओलांडून कोर्लईस गेल्यावर डोंगर अवश्य चढावा. एका अंगाला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या अंगाला मोकळा समुद्र, मध्ये चिंचोळा किल्ला. पण खरे नवल वर नाही, खाली गावात आहे. तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली अद्याप बोलली जाते. राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तोफा गंजल्या, देवळांची छपरे पडली, पण बोली राहिली. किल्ल्याला डागडुजी लागते, खजिना लागतो. बोलीला एक आजी आणि एक नातू एवढे पुरते. जे आपले वाटते ते टिकते, याहून मोठा धडा कोणत्याही बेटावर मिळेल असे आम्हांस वाटत नाही.

काशीदचा किनारा आणि मुरूड मागे टाकून राजापुरीस पोहोचले की समोर जंजिरा. राजापुरीहून शिडाची होडी मिळते. पावसाळ्यात मात्र ती बंद असते. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. पूर्वी येथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, तो निजामशाहीने घेतला. तिच्याच पदरचे हबशी सिद्दी पुढे येथे स्वतंत्र झाले. ज्या हबश्यांतून मलिक अंबरसारखा पुरुष निघाला आणि १६२६ पर्यंत बुडती निजामशाही सावरून धरता झाला, त्यांचीच ही दुसरी शाखा. शिवाजीमहाराजांनी शेजारी पद्मदुर्ग बांधला, संभाजीमहाराजांनी समुद्रात भराव घालून पाहिला, तरी जंजिरा पडला नाही. १९४८ साली तो भारतात विलीन झाला. चहूंकडे खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन विस्तीर्ण तलाव! पाण्याची किंमत जाणणाऱ्या आपल्या जिल्ह्याच्या माणसाने तोफांपेक्षा हे तलाव अधिक निरखावेत.

आणि आता घराकडे वळू. कारण बेट आपल्या शहरालगतही आहे. १५८३ साली पुरा झालेला फराहबाग हा महाल मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला होता. चौलला वेढा घालणाऱ्या मुर्तझाच्याच राजवटीतले हे काम. हश्त बिहिश्त बागेतला महालही पाण्यातच होता. या अवर्षणी मुलखात कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी आणून त्या लोकांनी बेटे निर्माण केली. आज तलाव कोरडा आहे. महाल उभा आहे खरा, पण त्याच्या भिंतींवर नावे कोरणारे हात परक्यांचे नाहीत. ते आपल्याच मुलांचे आहेत. त्यांना कोणी सांगितलेच नाही, की हे तुमचे आहे.

ऱ्होड्सचा वाडा इटलीने बांधून दिला, तो आपले वैभव मिरवण्यासाठी. आपला महाल कोणी परका बांधून देणार नाही, आणि तशी अपेक्षाही नसावी. आमची विनंती लहान आहे. या सुटीत मुलांना प्रथम फराहबागेत न्या आणि पाणी कोठून येत असे ते दाखवा. मग चौल, कोर्लई, जंजिरा दाखवा. त्यानंतर ती खुशाल ग्रीसला जावोत. मग ऱ्होड्सच्या तटावर उभे राहिल्यावर त्यांना केवळ छायाचित्र सुचणार नाही, काही विचारावेसेही वाटेल. आणि भिंतीवर नाव कोरण्यासाठी त्यांचा हात तेथेही उचलला जाणार नाही, येथेही नाही.