काट्याची दोन पारडी

जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीन किंवा तूर घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या हातात शेवटी एक पट्टी पडते. तिच्यावर मालाचं वजन असतं, भाव असतो आणि खाली कापलेले पैसे असतात. हमाली इतकी, तोलाई इतकी. शेतकरी कुरकुरतो, पण त्याला अंदाज असतो. हे दर बाजार समितीने ठरवलेले असतात आणि काटा त्याच्या डोळ्यांसमोर असतो.

विमानाचं तिकीटही आता अशीच एक पट्टी झाली आहे. मूळ भाडं, विमानतळाचं शुल्क, कर, खिडकीजवळच्या जागेचे पैसे, खाण्याचे पैसे आणि सामान ठरल्यापेक्षा जास्त भरलं तर किलोमागे वेगळे. पण या पट्टीची शेवटची ओळ पुष्कळदा विमानतळाच्या काउंटरवर लिहिली जाते. मोंढ्यात भाव पटला नाही तर शेतकरी गाडी परत वळवू शकतो. काउंटरवरून प्रवासी कुठे वळणार?

कुणी म्हणेल, जालन्यात बसून विमानाची चर्चा कशाला? आपल्याला प्रवासी विमान पकडायला साठेक किलोमीटरवर चिकलठाण्याला जावं लागतं, हे खरं. पण एकेकाळी इथून बियाण्यांचे आणि लोखंडाचे व्यापारीच विमानाने जात. आता मुलगा बंगळुरूला आहे, लेक हैदराबादला दिली आहे, कुणाचा भाऊ दुबईला कामाला आहे, कुणाचे आईवडील उमऱ्याला निघाले आहेत. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी माणसं आपल्या गल्लीतलीच आहेत.

ही माणसं आली आहेत रेल्वे आणि एस.टी.च्या सवयीतून. रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो आणि दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर ३५ किलो सामान मोफत नेता येतं, आणि तेही सहसा कुणी मोजत नाही. विमानात देशांतर्गत प्रवासाला साधारणपणे १५ किलो पोटात जाणारं आणि ७ किलो हातातलं. सुटकेसचंच वजन तीन-चार किलो. उरलेल्या अकरा किलोत लेकीच्या बाळंतपणाचे लाडू, पापड, लोणचं आणि आईची माया बसवायची असते.

वजनाला पैसे पडतात, हे मला मान्य आहे. विमान जितकं जड, तितकं इंधन जास्त. रिकाम्या हाताने जाणाऱ्याने दुसऱ्याच्या गोणीचा खर्च का सोसावा, हाही प्रश्न रास्त आहे. २०२१ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, पोटात सामान न देणाऱ्याला स्वस्त तिकीट देण्याची मुभा कंपन्यांना दिली. त्यातही वावगं काही नाही.

पण या शुल्काचा इतिहास पाहिला की शंका येते. पूर्वी तिकिटातच सामान धरलेलं असे. २००६ मध्ये युरोपातल्या रायनएअरने बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या बॅगेला १५ डॉलर लावले. कारण सांगितलं गेलं तेलाच्या भावाचं. त्या उन्हाळ्यात तेल पिंपाला १४० डॉलरच्या वर गेलंही होतं. वर्ष संपता संपता ते ४० डॉलरच्या आसपास उतरलं. शुल्क मात्र उतरलं नाही. आपल्याकडे २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवास आणला आणि पुढे स्वस्त तिकिटाबरोबर वेगळ्या आकारण्याही रुळल्या. २०१६ मध्ये डीजीसीएने १५ ते २० किलोदरम्यानच्या जादा वजनाला किलोमागे १०० रुपयांची मर्यादा घातली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. थोडक्यात, इथे बाजार समिती नाही. दर कंपनीचा आणि काटाही कंपनीचाच.

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनाला जाताना मी अशाच एका रांगेत उभा होतो. माझ्यापुढे अंबडकडचे एक चाचा आणि चाची होते. सामान सहा किलो जास्त भरलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर, ॲज पर पॉलिसी पैसे भरावे लागतील, फक्त कार्डाने.” चाचांनी खिशातून नोटा काढल्या. कार्ड त्यांच्याकडे नव्हतं. मागची रांग चुळबुळ करू लागली. चाचींनी तिथेच फरशीवर बॅग उघडली. ज्वारीचं पीठ, शेवया, बाळाची दुपटी असा सगळा संसार लोकांसमोर मांडला गेला. तेव्हा ती मुलगी खाली वाकून हळूच मराठीत म्हणाली, “चाची, पीठ हातातल्या पिशवीत घ्या. सात किलोपर्यंत चालतं. लोणचं तेवढं बॅगेतच राहू द्या.” पाच मिनिटांत प्रश्न मिटला.

त्या मुलीला मी दोष देत नाही. ती बावीस-तेवीस वर्षांची असेल, नियम तिने केलेले नव्हते. पण जी गोष्ट तिने शेवटी मराठीत सांगितली, तीच तिकीट काढताना मराठीत सांगितली असती, तर एका म्हाताऱ्या बाईला चारचौघांत आपली बॅग उपसावी लागली नसती.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. ते विमान तीन तास उशिरा निघालं. कुणी कारण सांगितलं नाही, कुणी चहा विचारला नाही. आमचे सहा किलो त्यांनी मोजले आणि त्यांचे तीन तास कुणीच मोजले नाहीत.

माझी तक्रार या दुहेरी मापाबद्दल आहे. कुराणात मापात मारणाऱ्यांच्या नावाने एक आख्खी सूरह आहे. घेताना एक माप आणि देताना दुसरं, या वृत्तीवर तिचा रोख आहे. लहानपणी ती शिकताना डोळ्यांसमोर किराणा दुकानाचा तराजू यायचा. आता विमानतळाचा काटाही येतो.

मात्र तराजूला दोन पारडी असतात आणि दुसरं पारडं अगदीच रिकामं नाही. त्यात काय आहे ते आपल्याला कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. छोट्या पल्ल्याच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही वेळेवर हजर असाल, तर चहापाणी-नाश्ता देणं कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. पक्कं तिकीट असून जागा नाकारली आणि तासाभरात दुसरी सोय केली नाही, तर नियमांत भरपाई ठरलेली आहे. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं, फुटलं किंवा उशिरा आलं, तर प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंत जबाबदारी कंपनीची आहे. ज्या काट्यावर पैसे आकारले जातात, त्याची तपासणी २००९ च्या वैध मापन कायद्यात येते, मग तो काटा मोंढ्यातला असो की विमानतळावरचा.

दोन गोष्टी गाठीशी बांधा. सामान आलं नाही किंवा फुटलेलं दिसलं, तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या खिडकीवर लेखी नोंद करा आणि तिची प्रत घ्या. या नोंदीला तिथे पीआयआर म्हणतात. फुटलेल्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करायची असते. दुसरी गोष्ट, ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय मुंबईला असो की दिल्लीला, परतूरच्या माणसाला जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

तक्रार करून काय होतं, असं आपल्याकडे हमखास विचारलं जातं. होतं, याचं एक उदाहरण. जुलै २०१९ मध्ये, तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाने जेद्दाहून येणाऱ्या काही विमानांत झमझमच्या पाण्याचे कॅन नेता येणार नाहीत, असं कळवलं. विमानं बदलल्यामुळे जागा कमी पडते, हे कारण होतं. मक्केहून परतणाऱ्या माणसाकडे शेजारीपाजारी पहिल्यांदा काही मागत असतील तर ते घोटभर झमझम. लोकांनी नाराजी बोलून दाखवली. काही दिवसांतच कंपनीने ठरलेल्या वजनात कॅन नेता येईल, असा खुलासा केला आणि दिलगिरीही व्यक्त केली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग पडले. तेव्हा लोकांचा संताप पाहून सरकारने ४८ तासांत सामान शोधून पोचतं करण्याचे आदेश दिले. आवाज उठला की पारडं हलतं.

मला विमानात फुकटची गोणी न्यायची नाही. पैसे घ्या, पण आधी सांगा. आमच्या भाषेत सांगा, आम्हाला वाचता येईल एवढ्या अक्षरात सांगा. नोटा घेणारी एखादी खिडकी ठेवा. आणि ज्या काटेकोरपणे आमचा किलो मोजता, त्याच काटेकोरपणे तुमचा उशीर मोजा. तोवर आपण एवढं करू या. घरातून म्हातारी माणसं निघणार असतील, तर आदल्या रात्रीच बॅग काट्यावर ठेवून पाहायची, पीठ कुठे आणि लोणचं कुठे ते सांगायचं आणि आपले हक्क एका चिठ्ठीवर मराठीत लिहून त्यांच्या खिशात ठेवायचे. त्या चिठ्ठीचं वजन कुणी मोजत नाही, पण वेळेला ती भारी पडते.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)