‘स्वामी’च्या शेजारी ‘मंत्रावेगळा’

पुण्याच्या शनिवार पेठेतला शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला. उरले ते तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. तरी मराठी वाचकाला तो नांदता दिसतो, याचं मोठं श्रेय रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ला. १९६२च्या या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हा आक्षेप रास्तच. पण म्हणून ती मिटून ठेवू नये, शेजारी दुसरी उघडावी. ना. सं. इनामदारांची ‘मंत्रावेगळा’ पळपुटा म्हणून हिणवलेल्या दुसऱ्या बाजीरावाची कैफियत मांडते. ती सगळी पटत नाही, पण ‘स्वामी’तल्या माधवराव पेशव्यांवर लोभ जडलेला वाचक तिथे सावध होतो, हे काय थोडं? आणि कल्पनेपेक्षा कागदपत्रंच हवी असतील, त्यानं ना. गो. चापेकरांचं ‘पेशवाईच्या सावलीत’ मिळवावं.