लांब झूमचा कॅमेरा घ्यायचाय? आधी बोरला काय लागतं ते बघू

हिंगणघाटच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. "दादा, बोरची सफारी करायची आहे, पक्षीपण टिपायचे आहेत. बजेट कमी आहे. जास्तीत जास्त झूमवाला कॅमेरा सांगा ना." आजचा भाग याच प्रश्नावर.

तुम्ही म्हणाल, फोन आहे ना, त्यात १०० एक्स लिहिलंय. पण पहिली अडचण नियमाची आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्या शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी अडवली. व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटन भागात मोबाईल वापरायला मनाई केली. म्हणजे बोरमध्ये फोनच्या भरवशावर राहूच नका.

दुसरी अडचण गणिताची. तारेवर बसलेला नीलपंख घ्या, साधारण एक फुटाचा पक्षी. तुम्ही ३० मीटरवर उभे आहात. फोनची मुख्य लेन्स २४ मिमीच्या आसपास असते, तिच्या चौकटीत जवळपास ४५ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर नीलपंखाच्या वाट्याला येतात जेमतेम २७ पिक्सेल! तुम्ही बोटांनी मोठं करता तेव्हा त्याच २७ पिक्सेलना ताणता. हेच १२०० मिमीवर केलं तर चौकट ९० सेंटिमीटरची होते आणि पक्षी तिचा एक तृतीयांश भाग भरतो. ऑप्टिकल झूम म्हणजे हे.

आता त्या 'एक्स'चं. एक्स म्हणजे फक्त भागाकार, लेन्सचा सगळ्यात लांब आकडा भागिले सगळ्यात आखूड आकडा. कॅनन एसएक्स७० एचएस २१ ते १३६५ मिमी, म्हणून ६५ एक्स. निकॉन पी९५० २४ ते २०००, म्हणून ८३ एक्स. पी१००० थेट ३००० मिमी, १२५ एक्स, आणि वजन जवळपास दीड किलो. तो गळ्यात अडकवून सकाळभर जिप्सीत बसून बघा बाप्पा! दुकानात एक्स विचारू नका, मिमी विचारा.

आणि मिमीसोबत एफचा आकडा विचारा. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. हिवाळ्यात गेट उघडतं तेव्हा झाडाखाली अंधारच असतो. एसएक्स७० पूर्ण झूमवर एफ ६.५ ला येतो. पॅनासॉनिकचा एफझेड३०० फक्त ६०० मिमीपर्यंत जातो, पण शेवटपर्यंत एफ २.८ राहतो. फरक? पाच पटीहून जास्त प्रकाश. दोघांचा सेन्सर तेवढाच, नखापेक्षा लहान, त्यामुळे आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात. म्हणून पहाटेच्या वाघासाठी माझं मत ६०० मिमी एफ २.८ ला. बोरधरणाच्या पाण्यावरचे लांबचे पक्षी उन्हात टिपायचे असतील तर १२०० च्या पुढचा झूम कामाचा. मे महिन्यात दुपारी मात्र ३००० मिमीसुद्धा काही करू शकत नाही. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, जमिनीवरून गरम हवा उठते आणि वाघ पाण्यातल्या सावलीसारखा हलताना दिसतो. तो लेन्सचा दोष नाही, सकाळी लवकर जा.

बजेट खरंच तंग असेल तर जुना डीएसएलआर बघा. कॅननच्या साध्या बॉडीवर ५५-२५० मिमीची लेन्स लावली की ती ४०० मिमीसारखी वागते. झूम कमी वाटेल, पण सेन्सर या छोट्या कॅमेऱ्यांपेक्षा दहा पटीहून मोठा असतो, त्यामुळे फोटो कापून मोठा केला तरी टिकतो. फोकसही झटकन लागतो. उडणाऱ्या पक्ष्याला हाच बरा. मी तर याच बाजूचा आहे.

सेकंड हँड घेताना झूम पूर्ण बाहेर काढून हलकेच हलवा. नळी खडखडली तर सोडून द्या. लेन्समधून टॉर्च मारा, आत जाळीसारखी बुरशी दिसते का बघा, पावसाळ्यात ती हमखास धरते. बिल आणि चार्जर मागा. आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असलेलाच घ्या. उन्हात स्क्रीन दिसत नाही, शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला की हात कमी हलतो.

तिकीट काढायच्या आधी आठवडाभर घराजवळच्या तारेवरचे कोतवाल टिपा. पूर्ण झूमवर पक्षी चौकटीत पकडायलाच दोन दिवस जातात. पुढच्या भागात मेमरी कार्ड आणि बॅटरीवर बोलू. भेटूया!