पावसाची वही ग्रामसभेत आली पाहिजे

(शिक्षक, पालक आणि तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आम्ही तरुण पोरंपोरी बारावीपर्यंत शिकलो. विज्ञानाच्या तासाला पर्जन्यमापकाची आकृती काढली, भागांना नावं दिली, मार्क मिळवले. बाहेर पत्र्यावर चार महिने पाऊस कोसळत होता, तो मात्र कुणी मोजायला लावला नाही.

न मोजल्यानं काय बिघडतं? आपला अकोले तालुका घ्या. वर घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस. खाली अकोले गावात जेमतेम त्याचा आठवा-दहावा हिस्सा. एका डोंगराआड पाऊस बदलतो. पण अतिवृष्टी ठरते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. तिथं 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर अतिवृष्टी. मंडळात गावं कितीतरी, आणि आकडा एका जागचा. आपल्या वाडीत आवणी केलेलं भात गाळाखाली गेलं आणि यंत्रापाशी पाऊस कमी झाला, तर कागदावर आपल्याकडं काही झालंच नाही. मग विचारतात, "पुरावा काय?" वनहक्काच्या दाव्यात हा सवाल आपण किती वेळा ऐकलाय!

म्हणून आमचं म्हणणं, शाळेतलं विज्ञान इथून सुरू करा. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा भाग कापून तोच उलटा, नरसाळ्यासारखा बसवा. बुडाशी खडे घालून सपाट भागापर्यंत पाणी भरा, तिथं शून्य. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाडापासून, छपरापासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आकडा लिहा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा. आमच्याकडं जोराच्या पावसात बाटली भरून वाहते, तेव्हा मोठी बाटली घ्या, नाहीतर दिवसात दोनदा मोजा.

मग गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरावर सुमारे चार हजार लिटर. 65 मिलिमीटर म्हणजे एकरी अडीच लाख लिटरच्या वर! हे पोरांनी स्वतः काढलं की बांध का फुटतो, माती का जाते, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरी वही झाडांची. हिरडा, मोह, आंबा, जांभूळ यांतलं एकेक झाड एकेका मुलानं धरायचं. पालवी कधी, मोहर कधी, फळ कधी, दर आठवड्याला लिहायचं. केरळातल्या कित्येक शाळांतली मुलं 'सीझनवॉच'साठी असंच करतात. आपल्याला हे अवघड नाही. हिरडा कधी झोडायचा हे आपल्या आयांना ठाऊकच आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत न जाता बियाणांच्या जाणकार झाल्या, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना वर्गात बोलवा. मृग पूर्वी कसा यायचा ते लिहून घ्या, शेजारी पोरांचा आकडा मांडा. एका सालावरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही. दहा-वीस सालांची वही लागते. म्हणून आजच सुरुवात पाहिजे.

माळीण आपण विसरलेलो नाही. 30 जुलै 2014 ला डोंगर खाली आला, दीडशेच्या आसपास आपली माणसं गेली. पाऊस मोजला असता तर गाव वाचलं असतं, असं आम्ही म्हणत नाही. पण उताराच्या वाडीत तीन दिवसांत किती पडला हे वाडीलाच माहीत असेल, तर रात्री माणसं हलवायची का, हे ठरवायला आधार होतो.

शाळेच्या वहीवर कुणी लगेच भरपाई देणार नाही, हेही आम्ही जाणतो. पण आकडे हातात घेऊन पंचनामा मागता येतो, आमच्या खोऱ्यात यंत्र बसवा म्हणता येतं. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं जंगल, जैवविविधता आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. राखायचं तर आधी काय आहे आणि काय बदलतंय, ते लिहिलेलं हवं.

आमच्या मागण्या:

1. डोंगरपट्ट्यातल्या प्रत्येक शाळेत पावसाची आणि झाडांची वही.

2. या कामाला विज्ञानाच्या तासातला वेळ आणि मार्क.

3. दर ग्रामसभेत मुलांनी वही वाचावी, इतिवृत्तात ती नोंदवावी. मूळ वही गावातच राहावी.

4. जंगलातल्या औषधी झाडांची माहिती ग्रामसभेला विचारल्याशिवाय बाहेर जाऊ नये.

जमीन आपण कसतो, जंगल आपण राखतो. त्याचा हिशेबही आपल्याच पोरांच्या हातचा असू द्या.

जल, जंगल, जमीन, आपल्या हक्काची!

जिंदाबाद!