इंग्रजीला रोज अर्धा तास
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





चिटणीस साहेबांनी मला विषय दिला आहे, 'शालान्त परीक्षा आणि इंग्रजीची तयारी'. विषय ऐकून मागे बसलेल्या पुष्कळ मातांना वाटले असेल, की हे बोलणे मुलांसाठी आहे, आपल्याला इंग्रजी येत नाही, आपण काय करणार? त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी शेवटपर्यंत बसावे. माझे निम्मे बोलणे त्यांच्याशीच आहे.

प्रथम हे लक्षात घेऊ, की या एका विषयावर आपल्याकडे काय काय अवलंबून असते. दहावीला मूल राहते तेव्हा बहुधा सगळ्या विषयांत राहत नाही. एक-दोन विषयांत राहते, आणि त्यांत इंग्रजी व गणित ही नावे घराघरांत ऐकू येतात. मुलगा असेल तर कोणाच्या तरी ओळखीने दुकानात, गॅरेजात किंवा आखातात मदतनीस म्हणून लागतो. मुलगी असेल तर तिचे दप्तर माळ्यावर जाते आणि स्थळे पाहणे सुरू होते. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधूनच शाळा सोडून गेली, असे त्या अहवालाने नमूद केले. ज्यांनी दहावीपर्यंत मजल मारली त्यांना तरी आपण एका विषयासाठी गमावू नये.

परदेशी जाणाऱ्यांनाही दहावी सुटत नाही. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टाला साधारणपणे 'ईसीआर' हा शेरा लागतो आणि आखाती देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी परवानगी घ्यावी लागते. तेव्हा 'मला कुठे शिकायचे आहे, मी दुबईला जाणार' असे म्हणणाऱ्या मुलानेही हे ध्यानात ठेवावे.

आता परीक्षेकडे वळू. मराठी व उर्दू माध्यमाच्या आपल्या मुलांची अलीकडच्या वर्षांतील इंग्रजीची परीक्षा ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी व अंतर्गत अशी असते. लेखी परीक्षेत व्याकरण व शब्द, पुस्तकातील उतारे, कविता, न पाहिलेला उतारा, सारांश, पत्र, थोडे लेखन आणि भाषांतर येते. शाळेकडचे २० गुण हाती आहेत म्हणून पुष्कळ जण निश्चिंत राहतात. परंतु २०१९ साली काय झाले ते आठवा. त्या वर्षी भाषांचे तोंडी गुण बंद केले होते, अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. कारणे आणखीही असतील, परंतु दुसऱ्याने दिलेल्या गुणांवर उभे राहणे किती कच्चे असते, हे त्यातून दिसले.

मुले तयारी करतात म्हणजे काय करतात? डिसेंबरात गाईड आणतात आणि निबंध पाठ करतात. एखाद्याने 'नदीची आत्मकथा' पाठ केलेली असते आणि पेपरात येतो 'पावसाळी दिवस'. मग तो लिहितो, 'पावसाळ्यात नदीला पूर येतो', आणि तेथून पुढे नदीची सगळी आत्मकथा उतरवून काढतो. आपण हसलात, पण त्या मुलाने रात्री जागून पाठांतर केलेले असते. त्याची मेहनत खरी असते, फक्त ती चुकीच्या जागी पडते.

भाषा ही सवयीने येते. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की आठवीपासून दहावीपर्यंत रोज अर्धा तास द्या. दहा मिनिटे व्याकरण, दहा मिनिटे शब्द, दहा मिनिटे मोठ्याने वाचन. सणवार असो, लग्नघर असो, हा अर्धा तास चुकवू नये.

व्याकरणापासून सुरुवात करतो. इंग्रजी व्याकरण फार अवघड आहे असा समज आहे. पण आपल्या मराठीकडे पाहा. मी जातो, तू जातोस, तो जातो, ती जाते, ते जातात, त्या जातात. इंग्रजीत या सगळ्यांना 'गो' आणि 'गोज' ही दोनच रूपे पुरतात. ही, शी, इट किंवा एकच व्यक्ती वा वस्तू आली की साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला 'एस' किंवा 'ईएस' लावायचा. बाकी ठिकाणी मूळ रूप. मराठीची ही सगळी रूपे न चुकता बोलणारे मूल दोन रूपांना का घाबरते? त्याने सराव केलेला नसतो म्हणून.

चुका कोठून येतात हे कळले तर त्या लवकर सुटतात. आपण म्हणतो, 'अहमदने चिठ्ठी लिहिली' आणि 'अहमदने पत्र लिहिले'. चिठ्ठी आली तर 'लिहिली', पत्र आले तर 'लिहिले'. अहमद तोच, पण क्रियापद त्याच्याकडे पाहत नाही, लिहिलेल्या वस्तूकडे पाहते. इंग्रजीत दोन्हीकडे 'अहमद रोट' एवढेच. काही मुले 'ने' पाहिला की 'बाय' लिहितात आणि कर्तरी-कर्मणीचा घोटाळा होतो. 'बाय' हा कर्मणी प्रयोगात येतो, 'द लेटर वॉज रिटन बाय अहमद' असा.

दुसरी नेहमीची चूक प्रश्नाची. 'डिड ही वेंट?' असे मुले लिहितात. भूतकाळ दाखवण्याचे काम 'डिड'ने एकदा केले आहे, मग क्रियापदाने ते पुन्हा कशाला करायचे? म्हणून 'डिड ही गो?' हे बरोबर. तिसरी गोष्ट, आपला 'वर' शब्दाच्या मागे येतो, 'टेबलावर'. त्यांचा 'ऑन' पुढे येतो, 'ऑन द टेबल'. ही अदलाबदल हाताच्या वळणी पडली की वाक्य आपोआप सरळ लागते.

आता 'अ' आणि 'द' यांच्याविषयी. मराठीत असे शब्द नाहीत, उर्दूतही नाहीत, म्हणून मुले ते गाळतात. पण आपली मुले मकतबात अरबी शिकलेली असतात. 'किताब' आणि 'अल-किताब' यांतला फरक त्यांना ठाऊक आहे. 'किताबुन' म्हणजे कोणतेही एक पुस्तक, 'अल-किताब' म्हणजे ते ठराविक पुस्तक. हाच फरक 'अ बुक' आणि 'द बुक' यांत आहे. 'अ बॉय केम. द बॉय वॉज टायर्ड.' पहिल्यांदा आला तेव्हा कोणी एक मुलगा, दुसऱ्यांदा तो ओळखीचा झाला. जुळणी सगळीकडे नाही, हेही सांगतो. अरबीत ज्ञान या सर्वसाधारण अर्थाने 'अल-इल्म' म्हणतात, इंग्रजीत तेथे नुसते 'नॉलेज' येते. तरी सुरुवातीला हा आधार चांगला आहे. आणि 'अ' की 'ॲन' हे अक्षरावर ठरत नाही, उच्चारावर ठरते. 'अ युनिव्हर्सिटी', पण 'ॲन अवर'.

शब्दांचेही तसेच. क, त, ब या तीन अक्षरांपासून किताब, कातिब, मकतब, मकतूब असे शब्द निघतात, हे मुलांना माहीत असते. इंग्रजी शब्दांनाही असे कुटुंब असते. ॲक्ट, ॲक्टर, ॲक्शन, ॲक्टिव्ह, ॲक्टिव्हिटी. एक शब्द नीट शिकला की चार नातेवाईक बरोबर येतात, आणि परीक्षेत नाम, विशेषण ओळखण्याचा प्रश्नही सुटतो. आणखी एक मौज सांगतो. इंग्रजीतले कितीतरी शब्द अरबीतून गेलेले आहेत. 'अल्जिब्रा' हा अल-जब्र, 'मॅगझिन' हा मखजन, 'कॉटन' हा कुत्न, 'मॉन्सून' हा मौसिम, 'टॅरिफ' हा तारीफ, 'कॉफी' हा कहवा. इंग्रजी ही अगदी परकी भाषा आहे हे भय मुलांच्या मनातून जावे, म्हणून हे सांगितले.

शब्दांसाठी एक दोनशे पानी वही करा. पानाचे चार रकाने पाडा. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात त्याचे कुटुंब, चौथ्यात स्वतः केलेले वाक्य. रोज फक्त पाच शब्द. आठवड्याला पाच दिवस धरले तर पंचवीस, वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर एक हजार. तीन वर्षांत तीन हजार शब्द होतात. स्पेलिंगसाठी शब्द पाहा, झाका, लिहा आणि ताडून पाहा. शब्द शोधायला लांब जायला नको. औषधाच्या पाकिटावर, विजेच्या बिलावर, बँकेच्या पावतीवर ते आहेत. वडील परदेशी असतील तर व्हिसा, कॉन्ट्रॅक्ट, ओव्हरटाइम हे शब्द घरात रोज बोलले जातात. मुलाला ते म्हणता येतात, लिहिता येतात का ते पाहा.

वाचनाविषयी आता. पवित्र कुरआनाच्या वहीचा पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे वाच, हे येथे कोणाला सांगावे लागणार नाही. आपल्या घरांतून सकाळी मोठ्याने तिलावत होते, कान व जीभ दोन्ही तयार होतात. इंग्रजीचे पानही असेच मोठ्याने वाचावे. जेथे जीभ अडखळते तेथे खूण करून दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारावे.

न पाहिलेल्या उताऱ्याला मुले फार भितात. त्याची रीत सोपी आहे. आधी प्रश्न वाचा, मग उतारा दोनदा वाचा. अनोळखी शब्दापाशी थांबू नका, भोवतालच्या शब्दांना विचारा. समजा वाक्य आहे, 'द ओल्ड मॅन वॉज सो फ्रेल दॅट ही कुड नॉट लिफ्ट द बकेट.' 'फ्रेल' ठाऊक नाही. पण म्हातारा आहे आणि बादली उचलता येत नाही, मग तो अशक्तच असणार. सराव झालेल्या मुलाला हे पटकन सुचते. भाषांतरासाठी रोज एक वाक्य मराठीतून इंग्रजीत आणि एक इंग्रजीतून मराठीत करा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या याच रीतीने.

आता माता-पित्यांनो, तुमच्याशी. इंग्रजी न येणारी आई इंग्रजीचा अभ्यास घेऊ शकते, असे मी म्हटले तर आश्चर्य वाटेल. संध्याकाळी मुलाला समोर बसवा आणि सांगा, 'बाळा, एक पान वाच आणि आपल्या बोलीत मला त्याचा अर्थ सांग.' तो भराभर सांगत गेला तर त्याला समजले आहे. 'ते असेच असते, अम्मी' असे म्हणून टाळू लागला तर समजले नाही, हे तुम्हांला शिक्षकांइतकेच कळेल. शब्दांच्या वहीत आज पाच ओळी भरल्या की नाही, हे मोजायला इंग्रजी लागत नाही. मोबाईल त्या अर्ध्या तासापुरता तुमच्याजवळ ठेवा. वडील परदेशी असतील तर त्यांनी फोनवर 'गुण किती पडले' एवढेच न विचारता 'आज कोणते पाच शब्द शिकलास' हेही विचारावे.

मुलींविषयी विशेष सांगतो. मगरिबनंतर भाऊ पुस्तक घेऊन बसतो आणि बहीण चुलीपाशी असते, हे पुष्कळ घरांत दिसते. तिचा अर्धा तास तिला द्या. त्या वेळी भाकऱ्या थापायला दुसरे कोणी बसले तर आभाळ कोसळत नाही. शिकलेली मुलगी उद्या आपल्या मुलांना हेच पान वाचून दाखवील.

रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी दहावीचे काही पेपर रोज्यांत आले. अशा वेळी सेहरी व फजरनंतरची शांत वेळ अभ्यासाला उत्तम. ज्याने तीन वर्षे रोजचा अर्धा तास पाळला, त्याला रोज्यांत जागरणे करावी लागत नाहीत.

आणि इतके करूनही एखादा विषय राहिला तर? तर त्याला मारू नका, चारचौघांत बोलू नका, आणि मुलीचे दप्तर माळ्यावर टाकू नका. मंडळाने २०१५ साली मार्चच्या परीक्षेत राहिलेल्या मुलांसाठी जुलैमध्येच पुरवणी परीक्षा सुरू केली. निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुन्हा बसता येते, वर्ष वाया जात नाही. ज्यांची शाळा पूर्वीच सुटली आहे त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी रीतीने बसता येते. निकालाच्या दिवशी घरी रडत बसण्यापेक्षा शाळेत या. शिक्षक फॉर्म भरून देतील आणि अभ्यासाची आखणीही करून देतील.

विद्यार्थी मित्रांनो, येथून घरी गेल्यावर एक वही काढा, चार रकाने पाडा आणि आजचे पाच शब्द लिहा. अल्लाह आपल्या सर्वांच्या मेहनतीला बरकत देवो.