गुणी माणसे टिकावीत कशी?

रायपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जन्म 1956 सालचा. खाणकाम आणि धातुशास्त्र या दोन विद्यांनी त्याचा आरंभ झाला. जवळच भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. जिथे विद्या तिथेच काम, असा तो योग. 2005 मध्ये हे महाविद्यालय राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. आज तिथल्या पदवीधराला पुणे आणि बंगळूरच्या वाटाही मोकळ्या आहेत. मग या परिसरात येणाऱ्या परदेशी कंपनीने असा माणूस राखावा कसा?

लाफार्ज या फ्रेंच कंपनीने 1999 मध्ये टाटांचा सिमेंट व्यवसाय घेतला. तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यातील सोनाडीहचा कारखाना त्यातच आला. 2016 मध्ये तो निरमा समूहाकडे गेला. मालक दोनदा बदलले. भट्टी जागची हलली नाही. हलू शकतो तो भट्टी जाणणारा माणूस. सुमारे 1450 अंश उष्णतेत चुनखडीचे क्लिंकर होते. त्या भट्टीचा स्वभाव पुस्तकातून पुरता उमगत नाही; त्याला वर्षे घालवावी लागतात, आणि माणूस गेला की ती वर्षेही त्याच्याबरोबर जातात.

पगारवाढीने तो थांबतो खरा, पण दुसरा कोणी अधिक देईपर्यंतच. त्याला आपली पुढची पायरी दिसली पाहिजे. प्रकाश टंडन 1937 मध्ये युनिलिव्हरच्या भारतातील नोकरीत शिरले, तेव्हा वरच्या जागा इंग्रजांच्या होत्या. 1951 मध्ये ते संचालक आणि 1961 मध्ये हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. यात कंपनीचे औदार्य शोधण्याचे कारण नाही. स्वतंत्र देशात विलायतेतून साहेब आणणे परवडणारे नव्हते. पण वाट एकदा पडली ती पडलीच. त्याच कंपनीत 1987 मध्ये उमेदवार म्हणून आलेले नितीन परांजपे 2008 मध्ये तिचे मुख्याधिकारी झाले.

मात्र हा जिना बहुधा व्यवस्थापकांसाठी बांधलेला असतो. भट्टीपाशी रमणाऱ्याने मोठे व्हायचे, तर त्याला भट्टी सोडून कचेरीच्या खुर्चीत बसावे लागते. आणि ती कचेरी मुंबईत असते. ज्याचे वृद्ध आईवडील रायपुरात आहेत, त्याच्यापुढे बढती किंवा घर असा पेच पडतो. तज्ज्ञाला त्याच्याच कामात, त्याच गावी, व्यवस्थापकाच्या तोडीचा हुद्दा देणे अशक्य नाही. तो न मिळाला, तर जवळच्याच दुसऱ्या कारखान्याचे दार तो ठोठावतो.