आगीची शाळा

(अग्निशमन सप्ताहात साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज धडा नाही. पाट्या बाजूला ठेवा. आज आम्ही एक गोष्ट सांगणार आहोत. ती सांगताना आम्हांला थोडी लाज वाटेल, कारण गोष्टीत जो माणूस चुकला तो आम्हीच आहोत.

आम्ही तेव्हा एका शाळेत मुख्याध्यापक होतो. २६ जानेवारीचा दिवस होता. झेंडावंदन झाले. मुलांना पुरी-भाजी द्यायची म्हणून मागच्या पडवीत चूल मांडली होती. चुलीवर मोठी कढई होती. मावशी पुऱ्या तळत होत्या. तेवढ्यात कुणी हाक मारली म्हणून त्या उठून गेल्या. चुलीत जाळ मोठा. तेल तापत गेले, धुरावले आणि भपकन पेटले. मावशी धावत परत आल्या. पोरे ओरडली, "गुरुजी, आग!" आम्ही धावलो. दाराशी पाण्याची भरलेली घागर होती. ती उचलली आणि दिली कढईत ओतून.

केवढा आवाज झाला म्हणता! जाळ थेट आढ्याला भिडला. पेटलेले तेल चारी बाजूंना उडाले. मावशींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. टेबलावरची शाईची दौत आणली आणि त्यांच्या हाताला शाई लावली. लहानपणापासून तेच ऐकले होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी ती शाई धुतली, तेव्हा मावशी कशा कळवळल्या ते आम्ही अजून विसरलो नाही. मुलांना काही झाले नाही, हे दैव. मावशी आम्हांला एका शब्दाने बोलल्या नाहीत. "गुरुजी, तुम्ही तर विझवायलाच आला होता," एवढेच म्हणाल्या.

आम्ही मॅट्रिक शिकलेला माणूस. शेकडो मुलांना शिकवले. पण आग कशी विझवायची, हे आम्हांला कुणी शिकवले नव्हते, आणि ते शिकावे लागते हेही आम्हांला ठाऊक नव्हते. आग लागली की पाणी टाकायचे, त्यात शिकायचे ते काय, असे वाटे.

पुढे दिवाळीला आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. शाळेत असताना अभ्यासात बेताचाच, पण झाडावर चढण्यात पहिला. तो एका शहरात बंबावर नोकरीला लागला होता. त्याला आम्ही कढईची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "गुरुजी, तेलात पाणी का टाकलंत?"

आम्ही म्हटले, "मग काय टाकायचं?"

"काहीच नाही. वर झाकण ठेवायचं."

मंडळी, आम्ही त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. झाकण तिथेच पडलेले होते. हातभर अंतरावर.

मग त्याने आम्हांला समजावून सांगितले. आम्ही खुर्चीत बसलो होतो आणि तो फळ्यापुढे उभा राहिल्यासारखा बोलत होता. आगीला तीन गोष्टी लागतात, असे तो म्हणाला. जळायला काहीतरी लागते, हवा लागते आणि ताप लागतो. यातली एक काढून घेतली की आग विझते. हे आपल्याला नवे नाही बरे का. आपल्या आयाबहिणी रोज हेच करतात. भात शिजला की चुलीतले लाकूड बाहेर ओढतात. म्हणजे जळायचे ते काढून घेतले. निखाऱ्यावर पाणी मारतात, म्हणजे ताप काढला. आणि निखारे डेऱ्यात घालून वर झाकण ठेवले की काही वेळाने त्यांचे कोळसे होतात. तिथे हवा काढली. हाताला हे ठाऊक असते, पण ऐन वेळी डोक्याला आठवत नाही.

मग तेलात पाणी का चालत नाही? पाणी तेलापेक्षा जड असते. ते कढईच्या तळाशी जाते. पेटलेले तेल पाण्याच्या आधणापेक्षा किती तरी जास्त तापलेले असते. त्यात पाणी पडताच त्याची वाफ होते. एक तांब्या पाण्याची सुमारे सोळाशे तांबे वाफ. ती वाफ मावणार कुठे? ती पेटलेले तेल उधळून बाहेर पडते. आमच्या पडवीत हेच झाले. अशा वेळी शक्य असेल तर चुलीतला जाळ ओढायचा, मोठे सपाट झाकण किंवा परात बाजूने सरकवत कढईवर ठेवायची, आणि ती निवेपर्यंत उघडून बघायचे नाही. बघण्याचा मोह फार होतो. उघडले की हवा मिळते आणि तेल पुन्हा पेटते.

आणि शाई? शाई नाही, दंतमंजन नाही, तूप नाही. भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी, चांगली वीस मिनिटे, धार धरून. बर्फसुद्धा लावायचा नाही. मग स्वच्छ ओलसर फडके अलगद टाकून दवाखाना गाठायचा.

आम्ही विचारले, "अरे, हे सगळं तू शिकलास कुठं?" तो म्हणाला, "आधी सहा महिन्यांचा फायरमनचा कोर्स केला. मग वरच्या जागेसाठी नागपूरला पाठवलं. तिथं कॉलेज आहे." आगीचे कॉलेज! आम्ही आयुष्य शाळेत काढले, पण हे प्रथमच ऐकत होतो.

त्या कॉलेजचे नाव राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. ते केंद्र सरकारच्या गृहखात्याचे आहे. १९५६ साली ते उत्तर प्रदेशात रामपूर येथे सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९५७ साली, नागपूरला आले. तेव्हापासून ते आपल्या राज्यात आहे. देशाच्या सगळ्या भागांतून बंबांवरचे अंमलदार तिथे शिकायला येतात. अग्निशमनाची पदवीसुद्धा तिथे घेता येते.

तुम्ही विचाराल, एवढी मोठी शाळा कशाला? बंबवाल्याला अंगात ताकद असली आणि छातीत धैर्य असले की झाले. आम्हीही तेच म्हटले. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने आम्हांला मुंबईची गोष्ट सांगितली. पुढे आम्ही ती पुस्तकांतूनही वाचली.

१४ एप्रिल ही तारीख तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. महायुद्ध चालू होते. जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. त्याच जहाजात कराचीहून घेतलेल्या कापसाच्या गाठी होत्या. तेलाची पिंपे होती, लाकूड होते. कापूस पिकवणारे इथे बसले आहेत. त्यांना विचारा, कापसाच्या ढिगाशेजारी साधी विडी तरी कोणी ओढू देतो का? इथे तर कापसाच्या जवळ दारूगोळा भरलेला.

दुपारी जहाजातून धूर दिसला. बंब आले. जवानांनी पाण्याचे लोंढे सोडले. पण कापसाची आग कशी असते? वरून विझली तरी आत धुमसत राहते. धुरात तिचे मूळ सापडेना. जहाजात शिरलेले पाणी उकळू लागले. आत दारूगोळा आहे हे कळल्यावरसुद्धा जवान मागे हटले नाहीत. जहाज तिथेच ठेवावे, खोल पाण्यात न्यावे की बुडवावे, याचा निर्णय वेळेवर झाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आसपासची जहाजे, गुदामे, घरे पेटली. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आगी आटोक्यात आणायला तीन दिवस लागले. आणि आग विझवायला आलेल्यांपैकी ६६ जवान गेले.

त्यांच्या आठवणीसाठी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. हा सप्ताह त्याच दिवशी सुरू होतो. त्या स्फोटामुळेच नागपूरचे कॉलेज निघाले, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या ६६ जणांच्या अंगी धैर्य कमी होते असे कोणी म्हणेल का? काय पेटले आहे, त्याच्या शेजारी काय आहे आणि अशा वेळी हुकूम कोणाचा, हे आधीच ठरलेले आणि शिकलेले असावे लागते. गोदीत उभे राहून ते शिकता येत नाही.

आणखी एक अडचण होती. बंब हे काम त्या त्या राज्याचे आणि नगरपालिकेचे. प्रत्येकाची रीत वेगळी असू शकते. समजा, एका शहराचा बंब दुसऱ्या शहराच्या मदतीला गेला आणि याच्या नळीचे तोंड त्याच्या नळीला बसलेच नाही, तर? पाणी असून तहान. म्हणून साऱ्या देशाचे अंमलदार एका ठिकाणी, एका रीतीने शिकावेत, हे बरे.

तिथे काय शिकवतात ते त्याने सांगितले. पाण्याची नळी उलगडायची आणि जोडायची, शिडी लावायची, दोराच्या गाठी मारायच्या. हे इतक्या वेळा करून घेतात की झोपेतही हात चालावा. धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत पाठीवर हवेची नळकांडी बांधून सोडतात. भिंत चाचपत, जमिनीलगत जायचे आणि आतला माणूस शोधायचा. जमिनीलगत का? तर धूर वर चढतो, खाली थोडी श्वास घेण्याजोगी हवा असते. हे मात्र तुम्ही लक्षात ठेवा. आगीत माणसे जळून मरण्याआधी बहुधा धुराने गुदमरतात. याखेरीज इमारती कशा बांधतात, वीज कशी वाहते, कोणते रसायन कशाने विझते, असा पुस्तकी अभ्यासही आहे. तो म्हणाला, "गुरुजी, शाळेत केला नाही तेवढा अभ्यास तिथं केला." ते आम्ही लगेच मान्य केले.

आणि बायांनो, हे फक्त पुरुषांचे काम आहे असे समजू नका. २००२ साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी या कॉलेजात प्रवेश घेतला. तोवर तिथे मुलगी शिकायला आलीच नव्हती. पुढे त्या ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत अग्निशमन अधिकारी झाल्या. तेलविहिरीची आग म्हणजे काय असेल, आपल्या कढईवरून अंदाज करा.

आता खरी गोष्ट अशी, की शाळा नागपूरला आहे आणि आग आपल्या गावात लागते. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका वाडीत कडब्याची गंजी पेटली. गंजी गोठ्याला लागून रचलेली. बंब मागवला, पण वाट नीट सांगितली नाही. तो दुसऱ्याच फाट्याला वळला. परत आला तर गल्लीत आडवी बैलगाडी. तोपर्यंत गोठा खाली बसला होता. दोन बैलांपैकी एकाचे दावे कापता आले. तो शेतकरी बंबवाल्यांवर फार संतापला. आम्हांला त्यांचा दोष दिसला नाही. तालुक्याहून बंब यायला वेळ लागणारच. तोवरची दहा-वीस मिनिटे आपलीच.

म्हणून गंजी घरापासून आणि गोठ्यापासून लांब रचा. विजेच्या तारेखाली तर नकोच. विजेची आग असेल तर पाण्याला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचे बटणही दाबू नका. तो गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर या. अंगावरचे कापड पेटले तर पळू नका. पळाले की वारा लागतो. जमिनीवर लोळा, नाहीतर जाड घोंगडी, गोधडी गुंडाळा.

शाळेच्या स्वयंपाकाकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम येथे एका शाळेत स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली. ९४ मुले गेली. ती बातमी वाचली त्या दिवशी आम्ही उठून आमची पडवी बघून आलो.

आता वर्गाचे काम. बंबाचा फोन १०१. तो लागला नाही तर ११२. फोनवर गावाचे नाव, फाटा, काय पेटले आहे आणि आत कोणी अडकले आहे का, एवढे सांगायचे. आधी फोन ठेवायचा नाही. एकाने फाट्यावर जाऊन उभे राहायचे.

हे आकडे तुम्ही सगळे आता लिहू शकता. मागच्या महिन्यात एकाला शून्य उलटेसुलटे वाटत होते, तोही लिहू शकतो. आम्ही खडूचे तुकडे आणले आहेत. प्रत्येकाने घरी जाऊन दाराच्या आतल्या बाजूला हे दोन आकडे मोठे काढायचे. उद्या संध्याकाळी आम्ही घरोघर बघायला येऊ. आधी इथे फळ्यावर काढून दाखवा. चला, पहिले कोण येते?